शेपट्यापासून मानेपर्यंत : लांब केस आखूड करताना

"ताई, आजच काप. घरी जाऊन विचार केला तर परत धीर होणार नाही." जुलैतली दुपार होती. तिने रेनकोटची टोपी मागे सारली, तेव्हा कमरेपर्यंतचा शेपटा पाठीला चिकटलेला होता. रबरबँडच्या वर बोटही शिरणार नाही असा गुंता झाला होता. कुंडईच्या कारखान्यात काम, स्कूटरने येणे-जाणे. सकाळी सहाला न्हायलेले केस रात्रीपर्यंत मुळाशी ओलेच राहत होते आणि टाळूला वास धरत होता. तिचे कारण अगदी खरे होते. तरी त्या दिवशी मी चार-पाच इंचच कापले आणि तिला तीन आठवड्यांनी यायला सांगितले. पुढची फेरी चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी झाली, शेवटची दसऱ्याच्या सुमारास. आज तिचे केस हनुवटीला टेकतात, आणि ती ते स्वतः नीट बसवते.

गोव्यात फोंड्याच्या बाजूला मी बावीस वर्षे पार्लर चालवते. लांब केस कापून पस्तावलेल्या बऱ्याच बायका पाहिल्या, पण केस आखूड झाले म्हणून पस्तावलेल्या त्यांत थोड्याच. बाकीच्यांना घाई नडली. आपला केस आपल्या हवेत कसा वागतो हे न बघता कात्री लागली, हे त्यांचे दुखणे. म्हणून या लेखात कात्रीच्या आधीचे काम जास्त आहे.

आधी कारण तपासा

उकाडा, हेल्मेट, लहान मूल, नोकरीतली धावपळ, किंवा नुसते "मला हवेत" हेही कारण पुरेसे आहे. एकाच कारणाला मी थांबवते, ते म्हणजे "केस फार गळतात म्हणून कापायचे." केस कापल्याने गळणे थांबत नाही. रोज पन्नास ते शंभर केस जाणे साधारण आहे. लांब केस गळला की त्याची वेटोळी न्हाणीच्या जाळीवर दिसतात, आखूड गळला की दिसत नाही, एवढाच फरक. केसाची वाढ मुळाशी होते, टोकाला काय केले याचा मुळाला पत्ता नसतो. त्यामुळे कापल्याने केस दाट होतात हेही खरे नव्हे. टोके सरळ आणि जाड दिसतात, म्हणून तसे वाटते.

बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी पुंजक्यांनी केस जातात. डेंग्यू, टायफॉईडसारख्या मोठ्या तापानंतरही दोन-तीन महिन्यांनी तसेच होते. हे बहुतेक वेळा आपोआप थांबते आणि केस परत येतात. पण गळणे सहा महिन्यांवर चालले असेल, भांग रुंद होत असेल किंवा कुठे टक्कल पडलेले दिसत असेल, तर आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. रक्तातले लोह आणि थायरॉईड तपासून घ्या. त्यानंतर खुशाल कापा.

आणि घरात काही दुःख झाले असेल, नाते तुटले असेल, तर महिनाभर थांबा. कापू नका असे मी म्हणत नाही. त्या दिवसांत मला एखादी मैत्रीण सोबत आलेली बरी वाटते.

आपल्या केसांची ओळख

वर्षानुवर्षे वेणी घालणाऱ्या बाईला आपल्या केसांचा खरा स्वभाव माहीतच नसतो. तेल लावून, ओढून, तीन पेडांत बांधलेला केस सरळच दिसणार. शिवाय लांबीचे स्वतःचे वजन असते, त्या ओझ्याने वळण ताणले जाते. ओझे उतरले की केस वर उसळतो. "माझे केस सरळ आहेत" म्हणून आलेल्या किती तरी जणींना बॉब (हनुवटीपर्यंतचा आखूड कट) झाल्यावर कळले की आपल्या केसांना लाटा आहेत.

म्हणून एका सुट्टीच्या दिवशी हे करून पाहा. केस शाम्पूने धुवा, तेल लावू नका. टॉवेलने रगडू नका, जुन्या सुती कपड्यात दाबून पाणी टिपा. मग न विंचरता, न बांधता पूर्ण वाळू द्या. वाळलेल्या केसांचा समोरून, बाजूने आणि मागून फोटो काढून घ्या. जमल्यास एकदा पावसाळ्यात आणि एकदा जानेवारीच्या कोरड्या थंडीत करा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतले बाष्प बहुतेक वेळ शेकडा 80 च्या आसपास किंवा पुढे असते, आणि केस ते पितो. केसाच्या आतले काही बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. ज्या आकारात वाळला त्या आकारात तो राहतो, आणि हवा दमट असली की तो आकार पुन्हा मोडतो. पुण्याच्या बहिणीला शोभणारा कट आपल्या अंगणात तासाभरात फुलून बसतो, त्याचे कारण हेच.

त्याच दिवशी आणखी दोन गोष्टी बघा. पहिली भोवरा. टाळूवर केस गोल फिरतात ती जागा बोटांनी शोधा. कुणाला एक असतो, कुणाला दोन, कुणाला कपाळाच्या कडेला. भोवऱ्यावरचा केस फार आखूड केला की उभा राहतो आणि कशाने बसत नाही. दुसरी मानेवरची केसांची कड. केस वर उचलून कुणाला तरी फोटो काढायला सांगा. काहींचे केस मानेवर खाली सरळ येतात, काहींचे दोन्ही बाजूंनी मध्याकडे वळतात, काहींचे चक्क वरच्या दिशेने वाढतात. वर वाढणाऱ्यांनी मान पूर्ण उघडी टाकणारा कट घेताना दहा वेळा विचार करावा, कारण तिथले केस चार दिवसांत शिंगासारखे बाहेर येतात. हा फोटो पार्लरमध्ये दाखवा. नटीच्या फोटोपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

चेहरा गोल की लांबट, याचे ठोकताळे सगळीकडे मिळतात. कानाच्या पाळीपासून हनुवटीच्या रेषेपर्यंत सव्वादोन इंचांहून कमी अंतर असेल तर आखूड केस शोभतात, असेही एक माप सांगतात. घरी पेन्सिल आणि पट्टी घेऊन करून बघायला हरकत नाही, पण त्यावर निर्णय टाकू नका. माझ्या अनुभवात चेहऱ्याच्या आकारापेक्षा केसाची जात आणि मानेची लांबी जास्त बोलते.

पायरीपायरीने उतरणे

एका बैठकीत कमरेवरून कानापर्यंत येता येते. पण पहिल्यांदाच कापत असाल तर मी तीन मुक्काम सुचवते.

पहिला मुक्काम खांद्याच्या खाली चार बोटे. इथे केस अजून बांधता येतात, वेणीही पडते, म्हणून घरच्यांना धक्का बसत नाही. वजन मात्र बरेच उतरते आणि केसाचे खरे वळण दिसू लागते. इथे निदान तीन आठवडे राहा.

दुसरा मुक्काम खांदा आणि हनुवटी यांच्यामधला, ज्याला लाँग बॉब म्हणतात. इथे एक अडचण सांगते. नेमके खांद्याला टेकणारे केस खांद्यावर आपटून बाहेर वळतात, ओढणीत आणि पदरात अडकतात. म्हणून खांद्याच्या दोन बोटे वर तरी या, नाहीतर खाली राहा. गोव्याच्या हवेत आणि नोकरीच्या धावपळीत बहुतेक जणींना हीच लांबी सोसते, असे माझे मत आहे. मागे छोटा अंबाडा किंवा क्लिप बसते, केस तासाभरात वाळतात, साडीवर गजराही माळता येतो. कित्येक जणी इथेच थांबतात आणि सुखी असतात.

तिसरा मुक्काम हनुवटीचा बॉब, आणि त्याच्या पुढे कान-मान उघडी टाकणारा पिक्सी किंवा आपण ज्याला बॉय कट म्हणतो तो. इथून मागे फिरायला वेळ लागतो. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे वर्षाला पाच-सहा इंच. हनुवटीचा केस खांद्यावर यायला आठ-दहा महिने, बॉय कटचा बॉब व्हायला दीड ते दोन वर्षे. डिसेंबरमध्ये बहिणीचे लग्न आहे आणि अंबाडा हवाच आहे, तर जुलैत बॉय कट करू नका.

आखूड केस म्हणजे कमी काम, हा समज अर्धाच खरा आहे. न्हाणे, वाळवणे, विंचरणे यांचा वेळ खरोखर वाचतो. पण लांब केस सहा महिने कापले नाहीत तरी कुणाला कळत नाही, बॉय कट दर चार ते सहा आठवड्यांनी नीट करावा लागतो, बॉब सहा ते आठ आठवड्यांनी. तो वेळ आणि तो खर्च महिन्याच्या हिशेबात धरा.

कुणाकडे कापायचे

लांब केसांचे यू कट, स्टेप कट रोज करणारी मुलगी आखूड कट तितकाच चांगला करेल असे नाही. लांब केसांत अर्ध्या सेंटिमीटरची चूक लपते, आखूड केसांत ती कानाशेजारी रोज आरशात दिसते. म्हणून नुसते बोलायला एकदा आधी जा. आखूड कट आठवड्यात किती होतात ते विचारा. तुमच्यासारख्या केसांच्या एखाद्या गिऱ्हाईकाचा फोटो दाखवाल का, तेही विचारा. चांगली कारागीर तुमच्या केसात बोटे घालते, भोवरा बघते, मान खाली करायला लावते, "रोज ड्रायर वापरणार का?" असे विचारते. न बघताच "हो, मस्त दिसेल" म्हणणारीला नमस्कार करून या. बॉय कटसाठी बायकांचे केस कापणाऱ्या चांगल्या न्हाव्याकडे जाण्यात काहीही कमीपणा नाही. मानेवरची कड आणि कानामागची गोलाई त्यांच्या हाताला जास्त सरावाची असते.

दिवसही बघा. चवथीच्या आधीचा आठवडा, नाताळ आणि लग्नसराईतला शनिवार टाळा. तुमच्यामागे सहा जणी खोळंबल्या असताना पहिला आखूड कट करून घेऊ नये. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळची वेळ मागा. घरात वार पाळत असतील तर तोही पाळा. एवढ्यासाठी घरात वाद नको.

खुर्चीत बसल्यावर काय बोलायचे

"थोडे कमी करा" हे वाक्य विसरा. "दोन इंच" हेही धोक्याचे, कारण तुमचे दोन इंच आणि कापणारीचे दोन इंच वेगळे असू शकतात. स्वतःच्या शरीरावर बोट ठेवून दाखवा: "इथे, हनुवटीच्या खाली दोन बोटे, केस वाळल्यावर." वाळल्यावर हा शब्द महत्त्वाचा आहे. ओला केस ताणला जातो आणि लांब दिसतो. कुरळा किंवा लाटांचा केस वाळला की दोन-तीन बोटे सहज वर जातो.

हे मी स्वतःच्या डोक्यावर शिकले. कॉलेजात असताना एका पार्लरमध्ये माझे केस ओले करून, फणीने ताणून, हनुवटीला बरोबर कापले. आरशात छान दिसले. बसमधून घरी पोचेपर्यंत ते कानाच्या पाळीवर चढले होते. आईने दार उघडले आणि काहीच बोलली नाही. तिच्या त्या गप्प राहण्याने मी रात्रभर रडले. म्हणून लाटांचे केस मी आधी कोरडेच कापते, प्रत्येक बट तिच्या स्वतःच्या वळणावर ठेवून. तुमच्या पार्लरमध्ये ओले कापायचीच पद्धत असेल, तर ठरवलेल्या मापापेक्षा तीन बोटे लांब ठेवायला सांगा. वाळवून मग उरलेले उतरवता येते.

पुढची-मागची लांबी वेगळी सांगा. कपाळावर बटा हव्यात का, कान झाकायचे की उघडे, मानेवर केस टोकदार हवेत की सरळ, भांग कुठे पडतो, हे एकेक करून बोला. कानावरून जाणारा केस कानाच्या उंचवट्याने वर उचलला जातो, तिथे थोडी जास्त लांबी ठेवायला सांगा.

थिनिंगची (केस विरळ करणारी दातेरी) कात्री आणि वस्तरा या दोन गोष्टी आधीच विचारून घ्या. खूप दाट, सरळ केसांत थिनिंग थोडे चालते. पातळ किंवा कुरळ्या केसांत त्याने आत बारीक बारीक तुटके केस तयार होतात आणि आपल्या पावसाळ्यात ते सगळे उभे राहतात. नको असेल तर "थिनिंग नको" असे स्पष्ट म्हणा. दुखावले तर दुखावले.

कापायच्या दिवशी

आदल्या दिवशी केस धुवा, तेल लावू नका. रोज घालता तसेच कपडे घालून जा, रोजच्या गळ्याचा ब्लाउज किंवा कुर्ता. चष्मा असेल तर न्या, कारण त्याच्या काड्या कानामागच्या केसांवर बसतात. रोज घालता ती कानातली घाला. आणि स्कूटर चालवत असाल तर हेल्मेट हातात घेऊनच जा. कट झाल्यावर ते एकदा घालून, काढून, केस कसे बसतात ते तिथेच बघा. माझ्याकडे मी हे प्रत्येकीला करायला लावते.

शेपटा ठेवायचा किंवा द्यायचा असेल तर तो जमिनीवर पडू देऊ नका. कोरड्या केसांची वेणी घाला. जिथून कापायचे त्याच्या दोन बोटे खाली घट्ट रबरबँड लावा, दुसरा शेवटी, मधे एक-दोन. कात्री रबरबँडच्या वर चालवायची. मात्र ही रेघ अंतिम मापाच्या निदान दोन-तीन बोटे खाली ठेवा. बांधलेली वेणी एकाच रेघेत कापली की बाहेरचे पेड लांब आणि आतले आखूड राहतात, ती वाकडी कड नंतर नीट करायला केस उरले पाहिजेत.

कीमोथेरपी घेणाऱ्यांसाठी टोप बनवायला केस घेणाऱ्या संस्था आहेत. बहुतेक ठिकाणी किमान 12 इंच लांबी लागते, काहींना त्याहून जास्त. रंगवलेले केस चालतात का, हे प्रत्येकीचे वेगळे असते, म्हणून कापण्याआधी विचारा. केस पूर्ण कोरडे, बांधलेले, पिशवीत बंद करून पाठवावे लागतात. आपल्या पावसाळ्यात ओलसर केस पिशवीत गेला तर वाटेतच बुरशी धरतो.

कात्रीचा आवाज तयारी ठेवून ऐका. जाड वेणी एकदम कापली जात नाही, कात्री करकरत चावत चावत जाते, पाच-सात वेळा. आणि मग डोके एकदम पुढे जाते. इतकी वर्षे मान मागच्या ओझ्याला तोलत असते, ओझे गेले की ती पुढे झुकते. इथे बऱ्याच जणींच्या डोळ्यांत पाणी येते. येऊ द्या. मी तेव्हा कात्री खाली ठेवते आणि पाण्याचा ग्लास देते. पुढचे कापणे दहा मिनिटांनी झाले तरी बिघडत नाही.

पहिले पंधरा दिवस

शाम्पू जुन्या सवयीने ओताल. आता नाण्याएवढा पुरे, बॉय कटला त्याच्याही अर्धा. कंडिशनर फक्त टोकांना. टाळूचे तेल आता दोन-चार इंचांतच टोकापर्यंत पोचते, त्यामुळे केस लवकर चिकट दिसतात. आठवड्यातून दोनदा न्हाणारीला एक दिवसाआड न्हावे लागेल. पाच मिनिटांत होते.

घाण्याचे खोबरेल सोडू नका, पण पद्धत बदला. रात्री चोपडून झोपण्यापेक्षा न्हाण्याआधी तासभर लावा आणि धुवून टाका. न्हाल्यावर दोन थेंब तळहातावर चोळून फक्त टोकांवरून फिरवा. जास्त झाले तर आखूड केस डोक्याला चिकटतो, आणि ते दिवसभर दिसते.

केस जिथे वळवायचे तिथे ते ओले असतानाच वळवा. भांग ओल्यातच पाडा, कानामागे घ्यायचे ते ओल्यातच घ्या. मानेवरचा हट्टी केस तळहाताने खाली दाबून ड्रायरची हवा वरून खाली सोडा, नाहीतर पंख्याखाली मान झुकवून बसा. वाळल्यावर केलेली खटपट वाया जाते. पावसाळ्यात लाटांच्या केसांना अगदी ओले असताना थोडे जेल किंवा लीव्ह-इन (न धुता तसेच ठेवायचे) क्रीम लावा, हाताने मुठीत दाबा, आणि वाळेपर्यंत हात लावू नका. वाळल्यावर कडक झालेल्या बटा हलकेच चुरा. फणी नकोच.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. इतकी वर्षे झाकलेली मान आता उन्हात आली. स्कूटरवरून पणजीला जाऊन आलात तरी संध्याकाळी मागे चुरचुरते. सनस्क्रीन मानेला आणि कानांच्या वरच्या कडेलाही लावा.

हेल्मेट, पाऊस, समुद्र

हेल्मेट काढता येत नाही आणि काढूही नये. आखूड केसांचे त्याखाली दोन हाल होतात: टाळूवर चपटे आणि कडेला बाहेर वळलेले. आत पातळ सुती टोपी किंवा रुमाल घाला, तो घाम टिपतो आणि रोज धुता येतो. केस ओले असताना हेल्मेट घालू नका. ओल, ऊब आणि टाळूचे तेल एकत्र आले की कोंड्याच्या बुरशीला हवे तसे घर मिळते. पोचल्यावर बोटे मुळांत घालून केस उलट दिशेने हलवा, लागल्यास पाण्याचा हलका फवारा मारा, पुन्हा बसवा. बांबोळीच्या हॉस्पिटलात ड्युटीला जाणारी माझी एक गिऱ्हाईक छोटी फवाऱ्याची बाटली डिकीतच ठेवते. हेल्मेटच्या आतला कपडा निघत असेल तर आठवड्याला धुवा, पावसाळ्यात दोनदा.

समुद्रावर जाण्याआधी केस गोड्या पाण्याने भिजवून घ्या. आधीच भिजलेला केस खारे पाणी कमी पितो. आल्यावर लगेच धुवा. मीठ केसात सुकले तर तो ताठ आणि कोरडा होतो.

बिघडला तर

पहिल्या दिवशी निर्णय देऊ नका. ताजा कट दोन-तीन वेळा न्हाल्यावर बसतो. दोन बाजू स्पष्ट कमी-जास्त असतील तर त्याच आठवड्यात परत जा. शांतपणे दाखवा, चांगली कारागीर तेवढे पैसे न घेता नीट करून देते. पण "फार आखूड झाले" यावर आणखी कापणे हा उपाय नव्हे. भांग दुसऱ्या बाजूला पाडा, बाजूला दोन पिना लावा, चार आठवडे जाऊ द्या. रागाने दुसऱ्या पार्लरमध्ये जाऊन तो कट सुधारायला सांगितला की बॉबचा बॉय कट होतो, हे मी फार वेळा पाहिले आहे.

पुन्हा वाढवायचे असतील तर वरचे केस सोडा आणि फक्त मानेवरचे दर दोन महिन्यांनी कापत राहा. मानेवरचे केस सगळ्यांत आधी लांब दिसतात, कारण त्यांना खांद्यापर्यंत थोडेच अंतर असते.

घर आणि फुले

घरी आधी सांगावे की नंतर? माझे मत, आधी. परवानगी मागण्यासाठी नव्हे. ज्या आजीने न्हाऊ घालून तो शेपटा वाढवला, तिला तो शेवटचा विंचरायला मिळाला पाहिजे. माझ्या सासूबाईंना मी आदल्या रात्री सांगितले. त्या रागावल्या, मग तेलाची वाटी घेऊन माझ्यामागे बसल्या. तेल नको, उद्या कापायचे आहेत, असे मी म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून दोनदा शाम्पू केला.

फुलांचा प्रश्न आमच्या बाजूला फार जणी विचारतात. म्हार्दोळला श्रावण-भाद्रपदाच्या दिवसांत महालसेच्या देवळात जायांची (जाईच्या फुलांची) पूजा होते, देऊळ जायांनी भरते, आणि त्या वासात आखूड केसांची बाई स्वतःला परकी समजते. समजू नका. लाँग बॉब असेल तर मागचे केस छोट्या रबरबँडने बांधा आणि गजरा गोल गुंडाळून चार यू पिना लावा. हनुवटीचा बॉब असेल तर एका कानामागचे केस दोन पिनांनी फुलीसारखे अडकवा, त्या फुलीत अबोलीचा बोटभर वळेसर (गुंफलेला गजरा) खोचा. फुलीमुळे तो घसरत नाही. बॉय कटला एक जायांची कळी किंवा शेवंतीचे फूल कानावर, देठ पिनेत धरून. देठ ओला असेल तर आधी पुसून घ्या, ओला देठ सटकतो.

आणि शेपटा दान केला नसेल तर त्याचे गंगावण (वेणी-अंबाड्याला जोडायचा केसांचा झुबका) करून घ्या. आपल्याच केसांचे गंगावण रंगात तंतोतंत जुळते. लाँग बॉबवर लग्नाला अंबाडा हवा असेल तर तेच घालायचे. त्यासाठी कापल्या क्षणी मुळाकडच्या टोकाला लाल दोरा बांधा. केसावरचे खवले मुळाकडून टोकाकडे असतात, दिशा उलटसुलट झाली तर ते एकमेकांत अडकतात आणि गंगावणाचा गुंता कधीच सुटत नाही. बनवणाऱ्याला तो लाल दोरा दाखवा. तयार झाल्यावर सौम्य शाम्पूने धुवून सावलीत वाळवा आणि सुती कापडात, कापराच्या दोन वड्या घालून, डब्यात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. पाऊस संपला की ऑक्टोबरच्या पहिल्या कोरड्या दिवशी काढून तासभर वाऱ्यावर धरा, कापूर बदला आणि परत ठेवा.